लेहरा धरणारे

भाचीने दहा मागितले होते. दोन महिने उलटून गेले तरी माझ्या वहीत सातच नावे आहेत, आणि त्यांतल्या सातव्यापुढे पेन्सिलने काढलेले प्रश्नचिन्ह आहे. ती सतरा वर्षांची आहे, कोथरूडला एका क्लासमध्ये इलेक्ट्रिक गिटार शिकते, आणि दिवाळीत आमच्याकडे राहायला आली असताना तिने फराळाच्या ताटावरूनच फर्मान काढले होते, "मामा, आजवरचे सगळ्यांत भारी दहा रिफ कोणते, ते तू मला लिहून दे. कारणांसकट." कारणांसकट हा शब्द तिने उच्चारला नसता तर त्याच संध्याकाळी मी यादी तिच्या हातात ठेवली असती. नुसती नावे सांगायला काय लागते. या विषयावर भांडताना माझ्या पिढीच्या पुण्यातल्या मुलांनी जितके चहा थंड केले, तितके राजकारणावर भांडतानाही केले नसतील. पण कारणे लिहायला बसलो आणि लक्षात आले, की ज्या गाण्यांची बाजू मी गेली अडतीस वर्षे हिरिरीने मांडत आलो, त्यांतल्या निम्म्यांबद्दल माझ्याजवळ 'मला आवडते' यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही.

रिफ म्हणजे काय, तेही लिहायला गेले की निसटते. गिटारवरचा एक छोटा स्वरसमूह, गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा आणि गायकाने तोंड उघडण्याआधीच गाण्याची ओळख पटवून देणारा, इतके सगळेच सांगतात. परंतु पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी आयुष्यात पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा आपल्याला वीट येतो. काही थोड्या रिफांचा मात्र पन्नास-साठ वर्षांत वीट कसा आला नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला सदाशिव पेठेतल्या आमच्या माडीवर, रॉक संगीताशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता त्या माझ्या वडिलांकडून फार पूर्वीच मिळाले होते. ते उत्तर होते हे कळायला एवढी वर्षे गेली, इतकेच.

बाबा पेटी वाजवत. दिवसा संरक्षण खात्याच्या हिशेबांची नोकरी, आणि संध्याकाळी घरापासून चार वाड्यांवर असलेल्या तबल्याच्या क्लासमध्ये लेहरा धरायला जायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. ज्यांनी स्वतंत्र तबलावादन ऐकले असेल त्यांना लेहरा ठाऊक असतो, पण तो ऐकल्याचे क्वचितच कुणाच्या लक्षात राहते. पेटीवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची एकच सुरावट अखंड चालू असते. तबलजी पेशकार मांडो, कायद्याचे पलटे करो, रेला सोडो, की चक्रदार घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन आदळो, लेहरा जागचा हलत नाही. सम कुठे आहे हे वाजवणाऱ्याला, श्रोत्यांना आणि कधीकधी परीक्षकांनाही त्याच्यावरूनच कळते. विशारदच्या परीक्षांच्या दिवसांत बाबा चंद्रकंसातला तोच तो लेहरा दिवसाकाठी तीन-तीन तास धरत आणि रात्री जेवायला बसले तरी त्यांच्या उजव्या हाताची बोटे पाटाच्या कडेवर चालत राहत. टाळ्या तबल्याला मिळत. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही, आणि कुणी त्यांचे मुद्दाम कौतुक केल्याचेही आठवत नाही.

१९८७ साली मी अकरावीत होतो. वर्गातल्या एका मित्राने कॅम्पातल्या दुकानातून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती आणि ती दोन दिवसांसाठी माझ्याकडे आली होती. गाण्यांची नावे त्याने मागच्या कार्डावर लिहिली होती, तीही अर्धी चुकलेली. दुसरी बाजू डीप पर्पल या रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ने सुरू होत असे. मी ते गाणे टेपरेकॉर्डरवर चौथ्यांदा की पाचव्यांदा लावले होते, तेवढ्यात बाबा कचेरीतून आले, चपला काढता काढता दारातच थांबले आणि म्हणाले, "पुन्हा लाव." ते बंद कर म्हणतील अशी माझी खात्री होती, त्यामुळे टेप मागे घेताना माझा हात थोडा कापत होता. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला, नवव्या मात्रेला तळवा उलटा केला आणि सोळा पूर्ण होताच डोळे उघडले. "अरे, हा तर लेहरा आहे. तीनतालातला."

त्यांनी जे मला दाखवले ते मी नंतर कुठल्याही इंग्रजी मासिकात वाचले नाही. पहिल्याच स्वराला षड्ज मानले तर सारा रिफ चार स्वरांचा आहे: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि एकदाच, ओझरता लागणारा तीव्र मध्यम. पहिली ओळ सा ग म अशी सरळ उभी राहते. दुसरी पाचव्या मात्रेची वाट न पाहता अर्धी मात्रा आधीच उठते आणि तीव्र मध्यमाला स्पर्श करून शुद्ध मध्यमावर टेकते. तिसरी मात्र बरोबर नवव्या मात्रेवर, खालीच्या (टाळी न देता तळवा उलटा करायच्या) जागी, पुन्हा षड्जावरून निघते, म ग करत षड्जावरच परत येते आणि उरलेल्या मात्रा तिथे समेची वाट पाहत थांबते. सोळा मात्रा, एक आवर्तन, काही उणे नाही आणि काही अधिकही नाही. मग बाबांनी पेटी काढली. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हा रिफ एकेरी स्वरांत वाजवत नाही. प्रत्येक स्वराच्या खाली षड्ज-मध्यम भावाने दुसरा स्वर असतो आणि दोन्ही तारा तो बोटांनी एकदम छेडतो. बाबांना हे सांगणारे कुणी नव्हते, पण त्यांच्या कानाने ते टिपले होते. मंद्र पंचम आणि षड्ज अशी दोन बोटे एकदम दाबून ते म्हणाले, "तंबोऱ्यातला प आणि सा. म्हणून कान दुखत नाही."

जिथे हा रिफ तयार झाला ती हकिगत आता सर्वश्रुत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल ही मंडळी नवी तबकडी ध्वनिमुद्रित करायला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथे गेली होती, आणि ज्या कॅसिनोत ते काम व्हायचे होते तो ४ तारखेला, फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना, प्रेक्षकांतल्या कुणीतरी उडवलेल्या आगीच्या बाणाने जळून गेला. तळ्याच्या पाण्यावर पसरलेला धूर पाहून बँडचा बेसवादक रॉजर ग्लोव्हर याला ते शीर्षक सुचले. रिफचे ध्वनिमुद्रण गावातल्या एका नाट्यगृहात चालू असताना आवाजाने हैराण झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस दाराशी येऊन ठेपले होते, हा तपशील वाचला तेव्हा मला आमच्या वाड्यातल्या समोरच्या बिऱ्हाडाची आठवण झाली. उरलेले काम त्यांनी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळांतून केले आणि १९७२ साली ते 'मशीन हेड' या नावाने बाहेर आले.

त्या संध्याकाळी पेटीचा भाता बंद करताना बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "तासभर धरता येईल?" लेहरा जमला की नाही, हे ते याच एका कसोटीवर ठरवत. तासभर तो वाजवला, तरी वाजवणाऱ्याला त्यात सुरांची हरकत घ्यावीशी वाटता कामा नये आणि ऐकणाऱ्याला त्यातून सुटका मागावीशी वाटता कामा नये. फार सुंदर असला तर तो तबल्यावरचे लक्ष उडवतो. फार कोरडा असला तर तबलजीच कंटाळतो. ही कसोटी मी आता, इतक्या वर्षांनी, भाचीच्या यादीला लावून पाहिली आणि माझी कितीतरी लाडकी नावे भराभर गळून पडली.

सर्वांत आधी गेली ती बोटांची कसरत. वेगाने वाजवलेल्या ज्या तुकड्यांवर आम्ही मुले जीव टाकत होतो ते सोलो होते, आणि सोलो म्हणजे तान. तान तासभर धरता येत नाही. भाचीचा सर्वांत आवडता 'स्वीट चाइल्ड ओ माइन' इथेच अडला आणि त्यावरून आमचे चांगलेच वाजले. १९८७ सालच्या या गाण्याची सुरुवात गन्स अँड रोझेसचा गिटारवादक स्लॅश याने बोटे सैल करण्यासाठी, एका तारेवरून दुसरीवर उड्या मारण्याचा सराव म्हणून केली होती. साथीदारांनी तो ऐकला आणि त्याचे गाणे झाले. म्हणजे हा उघडउघड पलटा आहे, जसे आपण पेटीवर सारेगम, रेगमप घोटतो तसा. पलट्याचे गाणे व्हावे ही किमया मला मान्य आहे. पण खालचे स्वर बदलतात तसा तो पलटा आपला पाया हलवत जातो, आणि त्याचे खरे काम गाण्याचे दार उघडण्याचे आहे. भाचीचे म्हणणे असे, की ज्या सुरावटीवरून जगातले कोणतेही पोर दोन सेकंदांत गाणे ओळखते तिला यादीबाहेर ठेवणारी कसोटीच चुकीची आहे. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मी ते नाव खोडले.

त्याच न्यायाने चक बेरीचे १९५८ सालचे 'जॉनी बी गुड' गेले. ती सुरुवात तिच्याही आधीच्या, १९४६ मधल्या लुई जॉर्डनच्या एका गाण्यात कार्ल होगनने वाजवलेल्या गिटारशी जवळचे नाते सांगणारी आहे. पण ती एकदा वाजवायची दारावरची घंटा आहे. या गाण्याचा विषय निघाला की मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत घेऊन जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर 'जॉनी बी गुड' आहे, आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांनी भैरवीत गायलेले 'जात कहाँ हो' आहे. व्हॉयेजर १ ने पृथ्वी सोडली त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. जयपूर घराण्याची ती करारी गायिका आणि सेंट लुईसचा तो एका पायावर उड्या मारणारा गिटारवाला आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे एकाच तबकडीवर शेजारी आहेत. हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "साथीला कोण होतं, ते लिहिलंय का त्यावर?"

पिंक फ्लॉइडचे 'मनी' काढताना मला वाईट वाटले. १९७३ सालच्या या गाण्याचा मूळ रिफ सात मात्रांचा आहे, आणि रूपक तालावर वाढलेल्या कानाला त्या सात मोजायला कष्ट पडत नाहीत. उलट मधल्या गिटारच्या सोलोला ती मंडळी चारांत शिरतात तेव्हाच आपल्याला किंचित चुकल्यासारखे होते. पण तो रिफ रॉजर वॉटर्सच्या बेस गिटारचा आहे. "बेस पण गिटारच असते ना, मामा?" असा प्रश्न आलाच. मी म्हटले, नसते. यापेक्षा चांगले कारण माझ्याजवळ नव्हते आणि पुढे या उत्तराने मला गोत्यात आणले. माझ्या एका जुन्या मित्राने फोनवरून क्वीनचा आग्रह धरला, का तर फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला. शेजारधर्म म्हणून मी ऐकून घेतले. 'दम मारो दम'च्या आरंभीची, १९७१ सालची, भूपिंदर सिंगांची गिटार मात्र मी बराच वेळ वहीच्या समासात लिहून ठेवली होती. तासभर धरण्यासारखी ती नक्की आहे, पण तिला रॉकच्या पंगतीत बसवले तर दोन्ही घरचे पाहुणे नाराज होतील.

आता राहिलेल्यांबद्दल. 'बॅक इन ब्लॅक' हे नाव मी दुसऱ्या क्रमांकावर लिहिले आहे आणि त्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. त्याच वर्षी, नवा गायक घेऊन, बहामा बेटांवर त्यांनी ही तबकडी केली. रिफ असा आहे: एक आघात, मग मोकळी जागा, तीन झटपट आघात, पुन्हा मोकळी जागा, पुन्हा तीन. तबल्यात तिहाईचे दोन प्रकार सांगतात, बेदम आणि दमदार. दमदार तिहाईत दोन पल्ल्यांच्या मध्ये क्षणभर विश्रांती असते, तिला दम म्हणतात, आणि नवशिक्याची परीक्षा त्या दमातच होते, कारण हात रिकामा असताना लय सांभाळणे हात चालू असताना सांभाळण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. 'बॅक इन ब्लॅक'मध्ये ऐकायचा आहे तो हा दम. कोणतेही होतकरू पोर हा रिफ वाजवते तेव्हा ती मोकळी जागा केसभर लवकर संपते, आणि एवढ्यानेच सगळे गाणे मोडते.

या बँडमध्ये दोन भाऊ गिटार वाजवत. धाकटा अँगस, शाळेचा गणवेश घालून रंगमंचभर धावणारा, सोलो वाजवणारा, भिंतीवरच्या चित्रांत दिसणारा. आणि थोरला माल्कम, जो मागे ड्रमजवळ उभा राहून रिफ धरत असे, ध्रुवपद गाण्यापुरता माइकपाशी पुढे येई आणि लगेच आपल्या जागेवर परत जाई. चित्र अर्थातच अँगसचे माझ्या खोलीत लावलेले होते. बाबा ते पाहून हसत. पुढे फार उशिरा, एसी/डीसीचा एक कार्यक्रम पडद्यावर पाहताना माझे लक्ष पहिल्यांदा मागच्या माणसाकडे गेले. डोके किंचित खाली घातलेले, डावा पाय ताल धरणारा, चेहऱ्यावर कुणाला काही दाखवून देण्याचा लवलेश नाही. हा माणूस मी लहानपणापासून पाहत आलो होतो. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ मध्ये माल्कमने बँड सोडला आणि २०१७ मध्ये तो गेला.

ब्लॅक सॅबथचा रिफ कोणता घ्यावा, यावर कुणाचे दुमत नसते. सगळे 'आयर्न मॅन' लिहितात. मी तो खोडून बँडच्याच नावाचे, १९७० सालचे 'ब्लॅक सॅबथ' हे गाणे घेतले आहे. कारण सांगण्याआधी या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या हातांबद्दल सांगितले पाहिजे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार सुटल्यात जमा होती. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. त्या गिटारवादकाचीही दोन बोटे आगीत निकामी झाली होती. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, जाड तारांनी बोटे दुखतात म्हणून बारीक तारा लावल्या आणि काही काळाने त्याही सैल सोडून सूर खाली उतरवला. जड आणि काळोखा म्हणून जो आवाज पुढे जगभर घुमला, तो दुखऱ्या बोटांची सोय करताना हाती लागला.

'आयर्न मॅन' मी का टाळला? त्यात गायक रिफचीच चाल गातो. गायकाच्या मागोमाग पेटी चालावी हे आपल्या अंगवळणी पडले आहे. इथे पेटीच्या मागोमाग गायक चालतो, आणि मग दोघांपैकी एक जण जास्तीचा वाटू लागतो. 'ब्लॅक सॅबथ'चा रिफ मात्र विलंबित लयीतला, फक्त तीन स्वरांचा आहे: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात 'संगीतातला सैतान' असे नाव होते आणि आयोमीने तो सैतान जागा केला. मला त्यात मौज वाटते ती वेगळीच. आपल्याकडे ज्या वेळेला देवापाशी दिवा लावतात त्या वेळेचा यमन तीव्र मध्यमावरच तर उभा आहे, आणि क्लासात आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला तो पहिल्या काही रागांतच शिकवतात. भीती स्वरात नसावी. भोवती पंचम, गंधार, निषाद अशी नांदती वस्ती असली की तोच स्वर गोड होतो, आणि आयोमीने ती सगळी वस्ती उठवून त्याला उघड्या माळावर एकटा उभा केला.

लेड झेपेलिनचे 'होल लॉटा लव्ह' की 'कश्मीर', याचा निर्णय मात्र एका मिनिटात झाला, कारण 'कश्मीर' ऐकताना मला दरवेळी मोजण्याची इच्छा होते. १९७५ सालच्या या गाण्यासाठी झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याने गिटारच्या सहा तारा ज्या सुरांत लावल्या त्यांना आपल्या भाषेत सांगायचे तर सा, प, सा, म, प, सा. म्हणजे गिटार कमी आणि तंबोरा जास्त. रिफ तीन मात्रांच्या गटाने चढत जातो, आणि जॉन बोनम ड्रमवर शांतपणे चार-चार मात्रांची चाल धरून बसलेला असतो. दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत, दोघेही हटत नाहीत, आणि गिटारचे चार आणि ड्रमचे तीन फेरे झाले, की बारा मात्रांनी दोघांची सम एकदम येते. इथे लेहरा चालता झाला आहे आणि ठेका स्थिर आहे, असा हा उलटा संसार आहे. शब्द गायक रॉबर्ट प्लांटला दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटातून गाडीने जाताना सुचले. काश्मीर त्यांच्यापैकी कुणी पाहिलेले नव्हते. मुंबई मात्र पाहिली होती: १९७२ मध्ये पेज आणि प्लांट यांनी तिथे भारतीय वादकांना घेऊन आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्या वादकांना या गोऱ्या पोरांची लय कशी वाटली असेल, हे ऐकायला मला फार आवडले असते.

उरलेल्या दोघांबद्दल थोडक्यात. 'यू रिअली गॉट मी' हे १९६४ सालचे. द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजात रिफ वाजवला. दोनच स्वरांची ती ये-जा आहे, आणि फाटका आवाज काढून घेतला तर बहुधा काहीच उरणार नाही, पण तो काढून घेता येत नाही हीच तिची बळकटी. रोलिंग स्टोन्सचे 'सॅटिस्फॅक्शन' १९६५ चे. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स सांगतो, की रात्री अर्धवट झोपेत त्याने हा रिफ उशाशी ठेवलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर वाजवून ठेवला. सकाळी पाहतो तर टेपवर थोडा वेळ गिटार आणि नंतर टेप संपेपर्यंत घोरणे. पुढे ध्वनिमुद्रणाच्या वेळीही त्याच्या मनात ही जागा ब्रास वाद्यांची होती आणि गिटार केवळ खूण म्हणून, जागा धरून ठेवण्यापुरती वाजवली होती. गायक ओटिस रेडिंगने त्याच वर्षी ते गाणे खरोखरच ब्रास वाद्यांवर करून दाखवले, उत्तम केले, आणि तरीही जगाने ध्यानात ठेवली ती तात्पुरती जागा धरून बसलेली गिटार.

आणि सातवे, प्रश्नचिन्हासह: द व्हाइट स्ट्राइप्सचे २००३ सालचे 'सेव्हन नेशन आर्मी'. हे नाव भाचीने सुचवले आणि मी नाइलाजाने लिहिले. त्यांचा गिटारवादक जॅक व्हाइट याला हा रिफ आदल्या वर्षी मेलबर्नमध्ये, कार्यक्रमापूर्वी ध्वनियोजना तपासताना सुचला. ऐकताना तो बेस वाटतो, पण बेस नाही. साध्या गिटारचा आवाज पेडलने एक सप्तक खाली उतरवला आहे. "म्हणजे बेसचं सोंग घेतलेली गिटार चालते, पण खरी बेस चालत नाही?" असे तिने विचारले तेव्हा 'मनी'चे पाप माझ्या डोक्यावर येऊन बसले. तासभराच्या कसोटीवर मात्र हा रिफ माझ्यापेक्षा जास्त लोकांनी घासून पाहिला आहे. २००३ मध्ये बेल्जियमच्या एका फुटबॉल संघाचे पाठीराखे मिलानमध्ये तो गाऊ लागले, २००६ च्या विश्वचषकात इटलीच्या पाठीराख्यांनी तो उचलला, आणि आता शब्द ठाऊक नसलेली हजारो माणसे मैदानांत तो नुसत्या 'ओ'कारात तासन्‌तास गातात. भाची ढोलपथकात आहे. गणपतीच्या आधी मुठेकाठी सराव चालतो तेव्हा चहाच्या सुट्टीत कुणीतरी हा रिफ गुणगुणते आणि कुणीतरी टिपरूने ढोलाच्या कडेवर त्याला ठेका देते, असे तिने मला सांगितले. गिटार नसतानाही जो राहतो, त्याला गिटारचा रिफ म्हणावे का, या शंकेपायी ते प्रश्नचिन्ह अजून पुसलेले नाही.

मागच्या रविवारी ती गिटार आणि छोटा अँप्लिफायर घेऊन आली. सात नावे पाहून तिने तोंड वाकडे केले, पण पहिल्या नावापाशी थांबून ते वाजवायला घेतले. ती प्लेक्ट्रमने, एकामागून एक तार मारत वाजवत होती. मी तिला ते बाजूला ठेवायला सांगितले आणि अंगठा व बोट यांनी दोन्ही तारा एकदम उचलायला सांगितल्या. आवाज लगेच बदलला, घट्ट झाला, आणि तो बदल तिला माझ्याआधी कळला. मग तिने सलग आवर्तने धरली, चार, पाच, सहा.

आतल्या खोलीत बाबा आरामखुर्चीत होते. ते आता सत्याऐंशी वर्षांचे आहेत, कानाला यंत्र आहे आणि पेटी माळ्यावर आहे. तिथून त्यांचा आवाज आला, "लय वाढतेय."

ती थांबली आणि दारात जाऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही ओळखलंत हे?"

"गाणं मला ठाऊक नाही बाळा. लेहरा पुढे पळतोय, एवढं कळतं. पुन्हा धर."

तिने खुर्चीजवळच्या स्टुलावर बसून पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. दुसरी ओळ अर्धी मात्रा आधी उठली, तीव्र मध्यमाला लागून खाली आली. बाबांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता. नवव्या मात्रेला त्यांचा तळवा उलटा झाला.